जुन्या रेजीमचं टूल: एजंटला 'त्या दिवशी' उभं करताना

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की निफ्टीच्या रेजीमचा (म्हणजे बाजार त्या दिवशी शांत होता की खळबळीत, त्या अवस्थेचा) साठा तयार आहे, फक्त एजंटला, म्हणजे प्रश्न विचारल्यावर स्वतः टूल वापरून उत्तर देणाऱ्या एआयला, जोडायचं बाकी आहे. ते जोडून झालं. एमसीपी सर्व्हर (एजंटला टूल जोडून देणारा दुवा) चालतोय, मागे एसक्यूलाइट डेटाबेसची एकच फाइल आहे, उत्तर लगेच येतं. पण पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की मुळात साठाच चुकीचा होता.

एजंटला विचारलं, २० फेब्रुवारी २०२० ला बाजार कोणत्या रेजीममध्ये होता? उत्तर आलं: 'खळबळ'. आता तो दिवस आठवून बघा. निफ्टी बारा हजारांच्या वर, दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी, बाजारात घबराटीचा मागमूस नाही. मग मॉडेलला खळबळ दिसली कुठून? पुढून. हिडन मार्कोव्ह मॉडेलला (भावांच्या चढउतारावरून बाजाराची लपलेली अवस्था ओळखणारं गणित; माझ्याकडे अशा तीन अवस्था) मी अख्खी मालिका एकदम दिली होती. २३ मार्चला निफ्टी जवळजवळ १३ टक्के कोसळला, सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले. ते सगळं बघून मॉडेल मागे आलं आणि त्याने फेब्रुवारीला रंग दिला. इतिहासाचा तक्ता काढायला हे चालेल. पण एजंट त्यावर खरेदी-विक्रीची एखादी पद्धत तपासणार असेल, तर त्याच्या हातात आपण उद्याचा पेपर देतोय.

म्हणून सगळं नव्याने मोजलं. प्रत्येक व्यवहाराच्या दिवशी मॉडेलला फक्त त्या दिवसापर्यंतचा डेटा, आणि निकालातली फक्त शेवटची ओळ साठ्यात. मॉडेलचे आकडेही दर महिन्याअखेरीस, तोवरच्याच डेटावर पुन्हा शिकवलेले. निफ्टीची मालिका ३ नोव्हेंबर १९९५ च्या १००० च्या पायापासून धरली, म्हणजे सात हजारांवर दिवस. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा लागला. यात एक खोच आहे, करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: दर वेळी शिकवलं की अवस्थांचे क्रमांक बदलतात. मागच्या महिन्यातली '०' या महिन्यात '२' होते. मी अवस्था चढउताराच्या मापाने लहान ते मोठ्या लावून घेतो, मगच नाव देतो.

तक्त्यात आता दोन तारखा आहेत: रेजीम कोणत्या दिवसाचा, आणि तो कधी कळला. टूलला 'कोणत्या तारखेपर्यंतचं माहीत धरायचं' हे सांगणं सक्तीचं केलंय. आधी ते ऐच्छिक होतं, आणि एजंट ते सर्रास गाळायचा. आता गाळलं की टूल उत्तर देत नाही. काय पाठवायचं ते एका वाक्यात सांगतं. दुसऱ्या खेपेला एजंट बरोबर पाठवतो. २० फेब्रुवारीचं उत्तर आता 'शांत' येतं.

दुसरा घोळ सोयाबीनचा, आणि तो जास्त शिकवून गेला. इंदूरात राहून बाजाराचं टूल करायचं आणि त्यात सोयाबीन नाही, हे मला पटेना. सोयाबीन वायद्याचं डिलिव्हरी केंद्र आपलंच गाव. मालिका घातली, आणि २०२१ च्या डिसेंबरनंतर मॉडेल सांगू लागलं: शांत, शांत, शांत. शक्यता दर वेळी जवळपास १.

छावणीच्या मंडीत वर्षानुवर्षं दलाली केलेले आमचे मामा रविवारी पोहे खायला आले होते. त्यांना स्क्रीन दाखवली. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे शांत कसलं? सौदाच बंद आहे. वायदा बंद केला ना तेव्हा!"

बरोबर. २० डिसेंबर २०२१ पासून बाजार नियामक सेबीने सात शेतमालांचे वायदे स्थगित केले, त्यात सोयाबीन होतं, आणि पुढे मुदत वाढत गेली. माझी स्क्रिप्ट रिकाम्या दिवशी आदल्या दिवसाचाच भाव पुढे ओढत होती. भाव हलत नाही म्हणून चढउतार शून्य. त्याहून वाईट म्हणजे तीनपैकी एक अख्खी अवस्था त्या मेलेल्या दिवसांनी व्यापली आणि खरे शांत दिवस मधल्या अवस्थेत ढकलले गेले.

भाव पुढे ओढणं काढून टाकलं. आधी अशा तारखांना टूल रिकामी यादी द्यायचं. पण रिकामी यादी मिळाली की एजंट स्वतःच्या आठवणीतून काहीतरी भरतो, आणि तेही ठामपणे. आता कारण लिहून जातं: 'या काळात वायदे स्थगित, रेजीम काढलेला नाही.' हे वाक्य घातल्यापासून त्याने एकदाही भर घातलेली नाही. तुमचं टूल कशाचंही असो, 'नाही' हे उत्तर शब्दांत द्या.

मामांच्या त्या बोलण्यानंतर बाकीचे रकानेही तपासले. निफ्टीचा पीई (भाव भागिले कमाई) मार्च २०२१ च्या अखेरीस एका दिवसात चाळिशीवरून ३३ च्या आसपास आलेला दिसतो. बाजार पडला नव्हता. कमाई मोजताना कंपन्यांचे एकत्रित आकडे धरायला सुरुवात झाली होती. अशा तारखांसाठी 'मोजणी बदलली' हा वेगळा तक्ता केलाय, आणि टूल तो उत्तराबरोबर पाठवतं.

पुढच्या आठवड्यात ४ जून २०२४ घेणार आहे. लोकसभा निकालाच्या त्या दिवशी निफ्टी जवळजवळ ६ टक्के पडला आणि दोन-तीन दिवसांत सावरला. एका दिवसाच्या धक्क्याला रेजीम म्हणायचं का, आणि म्हणायचं नसेल तर एजंटला ते कोणत्या शब्दांत सांगायचं, यावर सध्या अडलोय. कोणी हे केलं असेल तर किती दिवस थांबून शिक्का मारता, ते सांगा.