तुम्ही विचारलंत म्हणून: लेकरू कुठल्या देशातून, कुठल्या संस्थेतून?

"ताई, पोरगा-सून न्यू जर्सीत आहेत. मूल दत्तक घ्यायचं म्हणतात. देश कोणता बघावा आणि एजन्सी कोणती चांगली?" लातूर, नांदेड, परभणीहून असे फोन येत असतात. विचारणारे बहुतेक निवृत्त झालेले आईवडील, आणि आवाजात नातवंडाची ओढ लपत नाही. संभाजीनगरात दत्तक संस्थेत सामाजिक कार्यकर्ती म्हणून माझं आयुष्य गेलं, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. फोनवर अर्धंच सांगून होतं. आता नीट लिहिते.

देशाबद्दल आधी. लेकराच्या देशाआधी तुमचा मुलगा राहतो त्या देशाचा कायदा बघा, आणि त्याच्या हातात पासपोर्ट कुठला आहे ते बघा. पासपोर्ट भारतीय असेल तर तो अनिवासी भारतीय, आणि भारतातून दत्तक घेताना त्याला इथल्या रहिवाशांच्या बरोबरीने प्राधान्य आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तर रांग त्यानंतरची. परदेशी नागरिकांची त्याहून मागे. पण भारताने मूल दिलं म्हणजे ते तिकडे नेता येईलच असं नाही. एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांना हे कुणी वेळेवर सांगत नाही. तिथल्या नियमाप्रमाणे दत्तक लेकराला आईवडिलांच्या व्हिसावर नेण्यासाठी ते दोन वर्षं त्यांच्या कायदेशीर ताब्यात आणि त्यांच्यासोबत राहिलेलं असावं लागतं. म्हणजे दोघांपैकी एकाने नोकरी सोडून इथे येऊन राहायची तयारी ठेवावी लागू शकते. याचा विचार नोंदणीच्या आधी व्हायला हवा. लेकराचा फोटो पाहिल्यावर कुणाचं डोकं थाऱ्यावर राहत नाही.

वयाचंही तसंच. उपचारांमध्ये वर्षं जातात आणि चाळिशी गाठल्यावर लोक दत्तकाकडे वळतात. भारताच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. मोठ्या लेकराला घर मिळणं किती अवघड असतं ते मी पाहिलंय. म्हणून प्रत्येकाला म्हणते, सहा-सात वर्षांच्या मुलाचा विचार खरंच करा.

"भारतात फार थांबावं लागतं, मग दुसऱ्या देशातून?" हा पुढचा प्रश्न. थांबावं लागतं, वर्षानुवर्षं लागतं. पण जिथे लवकर मिळतं म्हणून लोक गेले, त्या देशांचं काय झालं ते बघा. ग्वाटेमालातून अमेरिकेत हजारो मुलं गेली आणि गैरप्रकार बाहेर आल्यावर २००८ मध्ये दार बंद झालं. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकावर बंदी घातली. चीनने २०२४ मध्ये जवळच्या नात्यातलं दत्तक सोडून सगळं थांबवलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं, की मुलं बाहेर पाठवण्याच्या घाईत कागदपत्रं बदलली गेली, आईबाप असलेली मुलं अनाथ म्हणून नोंदवली गेली. घेणारे देशही मागे सरताहेत. नेदरलँड्सने २०२४ मध्ये परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं.

ही मुलं खोट्या कागदावर गेली तेव्हा घेणारे आईबाप बहुतेक वेळा तुमच्या मुला-सुनेसारखीच साधी, मायाळू माणसं होती. माया होती, पण लेकरू कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे. ज्या देशात आणि ज्या संस्थेत "हे मूल इथवर कसं आलं" याचं सरळ उत्तर मिळतं, तिथे जा. बाकी सगळं त्यानंतर.

आपल्याकडे हे उत्तर कसं तयार होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. बीडचं ऊसतोड कुटुंब सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतं. लेकरू आजीजवळ. आजी आजारी पडली, लेकरू कुणीतरी संस्थेत आणून टाकलं, तर ते अनाथ आहे का? नाही. त्याचे आईबाप कारखान्यावर आहेत. शेतकऱ्याने आत्महत्या केली, मागे बाई आणि दोन पोरं राहिली, तर तिला सरकारच्या बाल संगोपन योजनेतून मदत मिळवून द्यायची. तिची पोरं कुणाच्या घरात द्यायची नाहीत. जिल्ह्यातल्या सरकारी बाल कल्याण समितीचं काम इथे असतं: शोध घ्यायचा, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, आणि आईनेच मूल सोपवलं असेल तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस द्यायचे. त्यानंतरच मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं होतं. त्या साठ दिवसांत परत येऊन लेकरू घेऊन गेलेल्या आया मी पाहिल्या आहेत. बाहेर एखादं जोडपं आस लावून बसलेलं असतं हे ठाऊक असूनही मला त्या दिवशी आनंदच व्हायचा.

देशादेशांमधल्या दत्तकाचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय हेग करार झाला २९ मे १९९३ ला. पुढे चार महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. भूकंपानंतर लोक चांगल्या मनाने विचारायचे, तिथली अनाथ मुलं दत्तक मिळतील का? भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी बाराशे मुलं पुण्याला नेली, ती शिकवायला, दत्तक द्यायला नव्हे. आपत्तीनंतर आधी चुलता, मामा, आजी शोधायची असते. करारातही तोच क्रम आहे: आधी स्वतःचं कुटुंब, मग स्वतःचा देश, आणि तिथे घर मिळालं नाही तरच परदेश. भारत या कराराला २००३ पासून बांधील आहे.

आता संस्था. भारतातून घेताना इथली संस्था तुम्ही निवडत नाही. दिल्लीचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, पोर्टलवरून क्रमाने मूल सुचवतं. तुमचा मुलगा निवडतो ती तिकडची संस्था, आणि ती काराने अधिकृत केलेली असावी लागते. यादी काराच्या संकेतस्थळावर आहे. अशी संस्था नसलेल्या देशात तिथली सरकारी यंत्रणा किंवा अनिवासी भारतीयांसाठी भारतीय दूतावास. संभाजीनगरातला, मुंबईतला कुणीही "माझी ओळख आहे, लवकर करून देतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या. शुल्क नियमात ठरलेलं आहे. रोख पैसे आणि पावती नाही, तर तिथे दत्तक नाही, खरेदी चालू आहे.

यादीतल्या संस्थांमधून कोणती? मुलाला सांगा, त्यांना विचार: तुम्ही कुठल्या जोडप्याला कधी नकार दिलाय का, आणि का? गृहभेटीचा अहवाल कोण लिहितं, त्या बाईला भारत माहीत आहे का? मूल घरी आल्यावर दोन वर्षं पाठपुराव्याचे अहवाल द्यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. तेव्हा तुम्ही घरी येता की फोनवर उरकता? मूल रात्री झोपत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही, तेव्हा मदत कोण करतं? जी संस्था पहिल्याच भेटीत बाळांचे फोटो दाखवते, तिच्याकडे परत जाऊ नये.

"मग भावाचंच मूल घेतो, दत्तकपत्र करून टाकतो," असंही बरेच जण म्हणतात. आपल्याकडे ही जुनी रीत आहे आणि तिच्यात काही वाईट नाही. पण परदेशात राहणाऱ्यासाठी नुसतं नोंदणीकृत दत्तकपत्र पुरत नाही. काराचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, दोन्ही देशांची मान्यता लागते. ती नसेल तर कागदावर मूल तुमचं आणि व्हिसाच्या खिडकीवर कुणाचंच नाही, अशी गत होते. आणि भावजयीला एकटीला बाजूला घेऊन विचारा. तिची संमती मनापासून आहे की सासरच्या दबावाने, हे चारचौघांत कळत नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच विचारत नाही. आमच्याकडे युरोपातून वीस-पंचवीस वर्षांच्या मुली-मुलं येतात. त्यांना मराठी येत नाही. विचारतात, माझं गाव कोणतं, मी सापडले तेव्हा अंगावर काय होतं, आईने काही लिहून ठेवलंय का? नियमाने मूळ शोधण्याचा हक्क त्यांना आहे. ज्यांच्या फाइलमध्ये चार ओळी असतात, त्या ते पुन्हापुन्हा वाचतात. काहींच्या फाइलमध्ये तेवढंही नसतं, आणि तेव्हा सांगायला आमच्याजवळ काही नसतं. तिकडच्या संस्थाही कायमच्या नसतात. डेन्मार्कमधल्या एकमेव दत्तक संस्थेने २०२४ मध्ये काम गुंडाळायला घेतलं. तेव्हा सही करण्याआधी मुलाला एवढं लेखी मागायला सांगा: उद्या तुमची संस्था बंद पडली तर माझ्या लेकराची फाइल कुणाच्या ताब्यात असेल, आणि ते अठरा वर्षांचं झाल्यावर ती मागायला कुठे जाईल?