आमची वाटचाल : मायच्या हातचा येसर

येसराच्या आमटीशिवाय मराठवाड्यातील लग्नाची पंगत पूर्ण होत नाही. लातूरमध्ये हा येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे पीठ, तयार करून विकणारा आमचा लहानसा उद्योग आज मी सांभाळते, परंतु त्याची चव, त्याची पत आणि त्याचे नियम हे सारे माझ्या मायचे आहे.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशा घरांनीच माणसांचा घात केला. आमचेही घर पडले, आम्ही वाचलो. वडिलांनी लातूरच्या आडत बाजारात हमाली धरली आणि माय लग्नघरी आचाऱ्यांच्या हाताखाली जाऊ लागली. तिच्या येसराची चव लोकांच्या लक्षात राहिली, घरोघरून मागणी येऊ लागली आणि भाड्याच्या खोलीपुढच्या चुलीवर तिचे पहिले घाणे निघाले. सामान आणायला ती गंजगोलाईपर्यंत पायी जाई. सोळा रस्ते येऊन मिळतात त्या बाजारात कोणत्या दुकानातले धने यंदाचे आणि कोणते गेल्या सालचे, हे ती नुसते मुठीत घेऊन सांगत असे.

येसराचे सारे मर्म भाजणीत असते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खोबरे, दगडफूल, लवंग, मिरे यांतले प्रत्येक जिन्नस वेगळे भाजावे लागते, कारण एकत्र घातले तर गव्हाच्या पोटापर्यंत आच पोहोचण्याआधीच जिरे करपून जाते. भाजलेल्या धान्याच्या पिठामुळेच थोड्या डाळीची आमटीही दाट होते आणि मोठ्या पंगतीला पुरते. भाजलेला माल गरम असताना दळला, तर वाफ धरतो आणि त्याचे गोळे होतात. म्हणून माय तो रात्रभर धोतरावर पसरून ठेवत असे. एका व्यापाऱ्याने मोठी मागणी देताना त्यात तांदळाचे पीठ मिसळण्यास सुचवले होते. घरात पैशाची निकड असतानाही तिने ती मागणी परत केली. याच मिळकतीतून तिने आम्हा भावंडांची शिक्षणे केली आणि मला बी.कॉम. होईपर्यंत एकदाही चुलीपुढे बसवले नाही, हे उपकार मी कोणत्या शब्दांत फेडावेत, ते मला कळत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. लग्ने पुढे ढकलली गेली, मागणी आटली आणि आमच्याकडच्या बायकांचा निम्मा दिवस टँकरच्या रांगेत जाऊ लागला. मी मजुरी कमी करण्याचा विषय काढला, तेव्हा माय म्हणाली, "बायका टिकल्या तर घाणा टिकंल, पोरी." तिने भाजणीचे काम रात्री सुरू केले, जेणेकरून कोणाचाही पाण्याचा नंबर चुकू नये, आणि मजुरी पूर्ण दिली. त्यांतल्या बहुतेक जणी आजही आमच्याबरोबर आहेत, आणि माझ्या मते आमच्या उद्योगाचे खरे भांडवल तेच आहे.

पुढे २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदान मिळत असल्याने आम्ही भाजणी यंत्र घेतले. यंत्र बसले तेव्हा माय त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसली. दर थोड्या वेळाने ती मूठभर धने काढून तळहातावर चोळी, वास घेई, दाताखाली एक दाणा फोडी आणि "अजून कच्चं हाय" किंवा "उतरव आता" एवढेच सांगे. त्या क्षणीचे तापमान आणि वेळ मी वहीत टिपत गेले. प्रत्येक जिन्नसाचा असा तक्ता तयार झाला असून आज सर्व माल त्याच तक्त्यावर भाजला जातो. पुण्यात स्थायिक झालेली आपल्याकडची कुटुंबे "गावाकडचीच चव आहे" असे कळवतात, तेव्हा ते कौतुक मी जसेच्या तसे मायला वाचून दाखवते.

यंदा आम्ही भागीदारी संस्था नोंदवली आणि भागीदारीपत्रात मायचे नाव पहिले घातले. सही करण्यापूर्वी तिने वकिलांकडून प्रत्येक कलम वाचून घेतले आणि हंगाम नसतानाही बायकांना किमान निम्मी मजुरी मिळावी, असे एक कलम वाढवायला लावले. त्या कलमाप्रमाणे पहिली मजुरी आम्ही या पावसाळ्यात दिली.