ताम्रा काय म्हणाली

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा आमचा खेळ. आजचं ऑनलाइन सेशन कधीच संपलं. सगळे ऑफलाइन गेले, मी अजून तो मॅप उघडून बसले आहे.

ताम्रा, म्हणजे माझ्या मैत्रिणीचं पात्र, पुलाच्या अलीकडेच पडली. शून्य हिट पॉइंट्स, म्हणजे अंगातला जीव संपलेला. तिची टर्न आली आणि चॅटमध्ये डेथ सेव्हचा, म्हणजे जगते की मरते ते ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशाचा, आकडा उमटला: ४. म्हणजे एक फेल. आमच्या डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, एक रीत आहे. शून्यावर गेलेल्यानं फासा टाकला की त्याला आत काय दिसतंय ते सांगायचं. नियमात असलं काही नाही. नियमाप्रमाणे तो बेशुद्ध, १० किंवा वर आलं तर सेव्ह, खाली आलं तर फेल, जे आधी तीनदा होईल ते खरं. पण ही रीत आम्हाला सगळ्यांना फार आवडते, म्हणून आम्ही थांबलो.

ताम्रा काही बोलली नाही. मॅपवर तिचं टोकन आडवं. कुणीच बोलेना. डीएमनं मागचं संगीतसुद्धा बंद केलं. मला खरंच भरून आलं. वाटलं, तिनं काहीच न सांगायचं ठरवलंय आणि तेच बरोबर आहे. बऱ्याच वेळानं डीएम हळू आवाजात म्हणाला, "बरं. पुढची टर्न."

तेवढ्यात चॅटमध्ये तिची ओळ आली. "थांबा, मी म्यूटवर होते का?"

ती बोलत होती. तो सगळा वेळ ती बोलत होती.

"अगं मग सांग ना परत."

"नको, राहू दे. चला पुढे."

पुढच्या फेरीत तिला चक्क २० पडले. २० पडले की एक हिट पॉइंट घेऊन माणूस उठतो. आम्ही ओरडलो, तीही हसली, पूल ओलांडला, सेशन झकास झालं. सगळे तेच म्हणाले. मीही म्हणाले.

आणि आता डोक्यातून जात नाहीये. तिचं बोलणं ऐकू आलं नाही, एवढंच असतं तर विसरले असते. पण ती बोलत असताना मी तिच्या शांततेनं हेलावले होते. जे नव्हतंच, त्यानं.

हा खेळ मुळात एका खोलीतला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांची ती पेटी काढली तेव्हा सगळे एका टेबलाभोवती बसणार हे गृहीतच होतं. टेबलावर कुणी बोलू लागलं तर ओठ दिसतात. बोलायच्या आधीचा श्वाससुद्धा कळतो. आम्ही कॅमेरे लावत नाही. तिच्याकडे पहाट असते, डीएमच्या घरातले झोपलेले असतात, कुणाचं नेट ओढत नाही. उरतो फक्त आवाज, आणि त्यातूनही सॉफ्टवेअर पार्श्वभूमीचा गोंगाट म्हणून निम्म्या गोष्टी गाळतं. डीएम अजून खरे फासे टाकतो, पण त्यांचा खडखडाट मी कधी ऐकलेला नाही.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलीसेकंद जातात. १० भाषांमधली संभाषणं मोजून २००९ मध्ये हे मांडलं गेलं. दूरच्या खंडातून आवाज पोचायलाच तेवढा वेळ सहज लागतो. म्हणून आम्ही एकमेकांवर आदळायचो, "तू बोल", "नाही नाही, तू बोल" करायचो, आणि हळूहळू थांबायला शिकलो. आता आमच्यात गप्प राहणं म्हणजे दुसऱ्याला जागा देणं. म्हणूनच तर आज कुणाला शंका आली नाही. इतक्या वर्षांत एकमेकांसाठी जी सवय लावून घेतली, तिनंच तिचं बोलणं झाकलं.

माझी जिवाभावाची माणसं इतकी लांब का असावीत? एकाच गावात असतो तर... जाऊ दे.

खेळाच्या बाजूनं पाहिलं तर जे झालं ते चुकीचं नाही. ताम्रा बेशुद्ध होती. तिला आत काय दिसलं हे आमच्यापैकी कुणालाच, म्हणजे आमच्या पात्रांना, ऐकू येणारच नव्हतं. पुलावर लढणाऱ्या माझ्या रोगला (rogue, माझं चोरटं पात्र) तिचं आडवं पडलेलं शरीर दिसलं आणि शांतता ऐकू आली. मला तेच ऐकू आलं. एरवी पात्राला माहीत नाही ते मला माहीत असतं आणि ते बाजूला ठेवून खेळावं लागतं. आज पहिल्यांदा बाजूला ठेवायला काही नव्हतं. मी तिच्या इतक्या जवळ कधी खेळले नसेन.

यानं बरं वाटलं. पूर्ण नाही. पात्रांनी ऐकायचं नसतं, पण आम्ही तर ऐकायलाच जमतो.

मघाशी तिला मेसेज करायला घेतला आणि पुसला. ती म्हणेल, तेव्हा सुचलं होतं, आता नाही सांगता येणार. मलाही नाही सांगता आलं असतं. डीएमला मात्र लिहिलंय की यापुढे कुणी शून्यावर गेलं की आधी माइक चालू आहे ना ते विचार, मग फासा. त्यानं लगेच हो म्हटलं. तोही जागाच होता.

पुढचं सेशन पुलापलीकडच्या मुक्कामानं सुरू होतंय. लाँग रेस्ट, रात्रीचे पहारे. माझी रोग नेहमी पहिला पहारा घेते. या वेळी ताम्राच्या जोडीला दुसरा मागून घेणार आहे आणि तिथे, शेकोटीपाशी, तिला विचारणार आहे की पडली होतीस तेव्हा काय दिसलं. सांगायचं की नाही ते ताम्रा ठरवेल.