आमची वाटचाल: प्रयोगशाळेच्या इमारतीचा मटेरियल हिशेब

लीड या हरित इमारतींच्या मानांकनासाठी मटेरियलच्या खर्चाचा हिशेब करून देणं हे आमच्या छोट्या फर्मचं मुख्य काम. ऑफिसच्या इमारतींवरून प्रयोगशाळांकडे वळलो, तेव्हा जुनी एक्सेल शीट तशीच चालेना. अडत होतं ते भाजकापाशी, म्हणजे रिसायकल्ड वगैरे मालाची टक्केवारी ज्या एकूण मटेरियल खर्चावर काढायची, त्या रकमेपाशी.

लीडच्या 2009 आवृत्तीत मटेरियलचा प्रत्यक्ष खर्च मांडता येत होता, किंवा बांधकाम खर्चाच्या 45 टक्के धरता येत होते. हे 45 टक्के डिव्हिजन (बांधकामाच्या कामांचे क्रमांक दिलेले गट) 3 ते 10, 31 आणि 32 यांच्या खर्चावरच लावायचे, एचव्हीएसी (वातानुकूलन आणि हवा खेळवण्याची यंत्रणा), प्लंबिंग, इलेक्ट्रिकल आणि लिफ्ट वगळून. प्रयोगशाळेत एएचयू (हवा थंड आणि स्वच्छ करून आत सोडणारी यंत्रं), एक्झॉस्ट आणि डक्टिंगवर प्रचंड पैसा जातो. समजा, काम 40 कोटींचं आणि त्यात सिव्हिल व फिनिशिंग 16 कोटींचं. बरोबर भाजक 7.2 कोटी. पूर्ण कंत्राटावर 45 टक्के लावले, तर तो 18 कोटी होतो. रिसायकल्ड मालाचं 20 टक्क्यांचं लक्ष्य मग 1.44 कोटींऐवजी 3.6 कोटींवर जातं आणि हातचा गुण सुटतो.

आपल्याकडे मजुरी तुलनेनं कमी, त्यामुळे सिव्हिलमध्ये मटेरियलचा प्रत्यक्ष वाटा बहुधा 45 टक्क्यांच्या वरच निघतो. म्हणून दोन्ही आकडे काढूनच पद्धत ठरवावी. प्रत्यक्ष खर्चात कर आणि साइटपर्यंतचं भाडं धरायचं. बसवण्याची मजुरी आणि मशिनरी नाही. बीओक्यूमधला, म्हणजे कंत्राटाच्या काम-परिमाण यादीतला दर सगळं मिळून असतो, तेव्हा रेट अॅनालिसिस, म्हणजे दराची फोड, मागवावंच लागतं. मालकानं परस्पर पुरवलेलं सिमेंट-स्टील कंत्राटदाराच्या बिलात दिसत नाही, तेही जोडायचं.

लॅब फर्निचरचं कोटेशन ही खरी डोकेदुखी. बेंच, फ्यूम हूड (घातक वाफा ओढून घेणारं कपाट), गॅस-पाण्याचे कॉक सगळं एका रकमेत येतं. फ्यूम हूड डिव्हिजन 11 मधलं, ते बाहेर. बेंच आणि कपाटं डिव्हिजन 12 मधली. घेतली तर मटेरियलच्या सगळ्या क्रेडिटमध्ये (गुण देणाऱ्या निकषांमध्ये) घ्यावी लागतात, सोयीच्या एकाच ठिकाणी नाही. म्हणून ऑर्डर निघण्याआधीच दर वेगवेगळे मागवतो.

काँक्रीटमध्ये फ्लाय अॅशचा (औष्णिक वीज केंद्रातल्या राखेचा) फायदा अनेकदा वाया जातो. एका घनमीटरमध्ये 280 किलो सिमेंट आणि 120 किलो फ्लाय अॅश असेल, तर अॅशचा वाटा 30 टक्के. औद्योगिक टाकाऊ माल म्हणून त्याचा निम्माच, म्हणजे 15 टक्के धरायचा. सिमेंट-अॅशची किंमत 2,200 रुपये असेल, तर 330 रुपये रिसायकल्ड म्हणून धरता येतात. तेच प्रमाण 2,400 किलोच्या पूर्ण मिश्रणावर काढलं, तर निम्मं करून 2.5 टक्के, 5,500 रुपयांवर जेमतेम 137.50.

टीएमटी सळयांच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर ताकद आणि रसायन असतं, भंगाराचं प्रमाण नसतं. जालन्याच्या भट्ट्यांत भंगारासोबत स्पंज आयर्नही (थेट खनिजापासून केलेलं लोखंड) जातं, आणि ते रिसायकल्ड नाही. कारखान्याच्या लेटरहेडवर ग्राहकांकडून आलेलं आणि कारखान्यातून आलेलं भंगार वेगवेगळं लिहून घ्यायचं. पत्र नसेल, तर 2009 आवृत्तीच्या नियमानं स्टीलला 25 टक्के धरता येत होते.

लीडच्या पुढच्या आवृत्तीत, व्ही4 मध्ये, स्थानिक मालाचं अंतर 800 वरून 160 किलोमीटरवर आलं. पुण्याच्या कामाला खडी आणि क्रश सँड अजूनही बसते. चंद्रपूरचं सिमेंट 2009 आवृत्तीत चालायचं, व्ही4 मध्ये नाही. उत्खनन, उत्पादन आणि खरेदी तिन्ही त्या अंतरात हवीत, त्यामुळे नुसता डीलरचा पत्ता पुरत नाही.