किनाबातांगान: नदीकाठी उरलेलं जंगल

"सुआमी माना?"

पाठीवरची सॅक अजून उतरवलीही नव्हती, तेवढ्यात मी राहायला उतरले होते त्या घरच्या बाईंनी हा प्रश्न विचारला. मलय भाषेतलं मला 'तेरिमा कासी' म्हणजे आभार, एवढंच येत होतं. पण 'सुआमी' कानावर पडलं आणि काहीतरी ओळखीचं वाजलं. ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून बाई पुन्हा म्हणाल्या, "सुआमी." स्वामी! नवरा कुठाय, असं विचारत होत्या त्या. मी मान हलवून नाही म्हटलं, तर त्यांना ते पटेना. "बलूम," त्यांनी माझं उत्तर दुरुस्त केलं. बलूम म्हणजे 'अजून नाही'. लग्न झालं का, जेवलीस का, अमुक पाहिलंस का, या प्रश्नांना तिकडे सरळ 'नाही' म्हणण्यापेक्षा 'अजून नाही' म्हणायची रीत आहे. पुढचे पाच दिवस मी हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरला.

बाईंना मी माकचिक म्हणायचे आणि त्यांच्या नवऱ्याला पाकचिक. मावशी आणि काका. त्या भागात वयाने मोठ्या कुणालाही हीच हाक मारतात.

गाव सुकाऊ, नदी किनाबातांगान. बोर्निओ बेटावर मलेशियाचं जे सबाह राज्य आहे, त्यातली ही सर्वांत लांब नदी, ५६० किलोमीटरची. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येऊ लागलं आणि कित्येक वर्षं मनात असलेला हा प्रवास मी ऑगस्टमध्ये एकटीने केला. एक गोष्ट जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: क्वालालंपूरला पासपोर्टवर शिक्का बसला तरी सबाहमध्ये उतरल्यावर पुन्हा रांग लावावी लागते. या राज्याचं इमिग्रेशन वेगळं आहे.

विमानाने सांडाकानला उतरले. दुसऱ्या दिवशी सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र पाहिलं. १९६४ पासून ते चालू आहे. आईपासून तुटलेल्या, कुणीतरी घरात पाळलेल्या पिल्लांना तिथे झाडावर चढायला, फळं शोधायला पुन्हा शिकवतात. शेजारीच सूर्यअस्वलांचं केंद्र आहे. छातीवर पिवळसर चंद्रकोर असलेली ही जगातली सर्वांत लहान अस्वलं. दोन्ही ठिकाणी जावंच, पण तिथे माणसं फार होती आणि मला नदीची ओढ लागली होती. गाडीत जागा मिळाली आणि मी निघाले.

सांडाकान ते सुकाऊ साधारण सव्वाशे किलोमीटर. या रस्त्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय. बोर्निओ म्हटल्यावर डोळ्यांसमोर घनदाट अरण्य येतं. मीही खिडकीला नाक लावून त्याचीच वाट बघत होते. पण दोन्ही बाजूंना फक्त तेलमाड, म्हणजे पामतेलाची झाडं. टेकडीवर तेलमाड, उतारावर तेलमाड, वळण घेतलं की पुन्हा तेच. एका ओळीत, एका उंचीचे, गडद हिरवे. अधूनमधून लालभडक फळांचे घड लादलेला ट्रक समोरून यायचा. तासाभराने माझ्या लक्षात आलं की इतक्या वेळात मी एकही वेगळं झाड पाहिलेलं नाही. आमच्या लहानपणी आई रेशनवरचं पामतेल आणायची आणि दिवाळीच्या चकल्या त्यातच तळायची. आज जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला आहे. ते तेल येतं कुठून, हे मी त्या गाडीत बसून पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि मग उरलेल्या रस्त्यात शेजारच्या प्रवाशाशी मला काही बोलवेना.

सुकाऊची माणसं स्वतःला 'ओरांग सुंगाई' म्हणवतात. ओरांग म्हणजे माणूस, सुंगाई म्हणजे नदी. नदीची माणसं. आणि हुतान म्हणजे जंगल, म्हणून ओरांग हुतान हा जंगलाचा माणूस. दोघंही एकाच काठावर राहतात. घर लाकडी, खांबांवर उभं केलेलं, कारण पावसाळ्यात नदी अंगणात येते. चपला पायरीपाशीच काढायच्या, जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि उजव्या हाताने जेवायचं. मला काही वेगळं करावंच लागलं नाही. पहिल्या रात्री भात, नदीतली भलीमोठी कोलंबी आणि तिखट सांबाल होतं. त्या सांबालात बलाचान घालतात, म्हणजे वाटून वाळवलेला जवळा. वासानेच मला चिपळूणला आजोळी नेऊन सोडलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तशा माकचिक खुलल्या. आमचं बरंचसं बोलणं हातवाऱ्यांनी आणि फोनवरच्या भाषांतराने व्हायचं. सबाहची माणसं वाक्याच्या शेवटी 'बाह' लावतात. "बोले बाह" म्हणजे "चालेल की". आपल्याकडचं 'हो बा' आठवून मला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

पाकचिक होडी चालवायचे. पहाटे सहाला आणि दुपारी चारनंतर. पाणी दुधाच्या चहासारखं, गढूळ आणि शांत. पहिल्याच संध्याकाळी एका वाकड्या झाडावर लांबनाके माकडांचा कळप बसलेला दिसला. हे माकड बोर्निओ सोडून जगात कुठेच नाही. नराचं नाक हनुवटीच्या खाली लोंबतं, पोट मोठं, आणि आवाज काढतो तो नाकातून घुमवल्यासारखा. स्थानिक भाषेत याला एक नाव 'मोन्येत बलांदा' असंही आहे, म्हणजे डच माकड. लांब नाकाचे, लाल चेहऱ्याचे डच तिथल्या लोकांनी पाहिले होते ना! दिवसभर जंगलात आत असलेले हे कळप झोपायला मात्र रोज नदीकाठच्या झाडांवर येतात. आपल्या वानरांसारखेच हेही पानं खाणारे. जठराचे कप्पे पानं आंबवायला बनलेले असल्यामुळे गोड, पिकलेली फळं त्यांना सोसत नाहीत. कच्चीच खातात. आम्ही बघत असताना एका मादीने पोटाशी पिल्लू धरून फांदीवरून थेट नदीत उडी घेतली आणि पलीकडे पोहत गेली. नदीत मगरी आहेत, चार-चार मीटरच्या. ती काठाला लागेपर्यंत पाकचिकनी वल्हं मारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ओरांगउटान दिसला. सेपिलोकमध्ये पाहिले होते ते ठरल्या वेळी फळं खायला येणारे होते. हा आपला आपण जगणारा. नदीपासून आत, उंबराच्या जातीच्या झाडावर, जमिनीपासून तीन मजले उंच. आधी फक्त फांदी हलताना दिसली, मग एक लांबच लांब हात बाहेर आला, नारळाच्या काथ्यासारख्या रंगाच्या केसांचा. मादी होती. मागून एक पिल्लू आलं आणि तिच्या हातातलं फळ काढून घेतलं. हे पिल्लू सहा-सात वर्षं आईजवळ राहतं. कुठलं झाड कधी फळतं, पानांचं अंथरूण कसं करायचं, सगळं आईकडून शिकतं. रोज रात्री नवं घरटं बांधतात. म्हणूनच मादीला दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षांचं अंतर लागतं आणि म्हणूनच एक मादी मारली गेली तर ते नुकसान इतक्या लवकर भरून येत नाही. मी तासभर मान वर करून उभी होते. पायाला जळवा लागल्यात, हे नंतर कळलं.

परतताना एका ओढ्यावर दोन्ही काठांच्या झाडांना बांधलेले जाड दोर पाहिले. ओरांगउटानांना पोहता येत नाही. पूर्वी दोन्ही काठांची मोठी झाडं एकमेकांत गुंतलेली असायची, ते वरच्यावर पलीकडे जायचे. झाडं गेली आणि ओढा म्हणजे भिंत झाली. म्हणून आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपांचे असे पूल बांधलेत. 'हुतान' नावाची संस्था सुकाऊच्याच तरुणांना घेऊन १९९८ पासून इथे ओरांगउटानांवर काम करते आहे. धनेशांसाठी झाडांवर लाकडी पेट्याही बसवतात, कारण ढोली धरण्याइतकी म्हातारी झाडं उरली नाहीत. बोर्निओतल्या धनेशांच्या आठही जाती या एका नदीवर आहेत. मी पाचच पाहिल्या. मोठ्या पंखांचा तो वाफेच्या इंजिनासारखा आवाज डोक्यावरून गेला तेव्हा मला देवराईतला ककणेर, आपल्याकडचा धनेश, आठवला.

एका दुपारी जवळच्या गोमांतोंग गुहेत जाऊन आले. पाकोळ्यांची लाळेची घरटी काढायला तिथली माणसं वेताच्या झुलत्या शिड्यांवरून अंधारात छतापर्यंत चढतात. खाली पायाखाली झुरळांचा नुसता थर असतो. संध्याकाळी गुहेच्या तोंडातून वटवाघळांची धुरासारखी रेघ निघाली, ती अंधार पडेपर्यंत संपली नाही.

इतकं सगळं पाच दिवसांत, एका होडीतून. इतके प्राणी इतक्या सहज कसे दिसतात, असं मी चौथ्या रात्री पाकचिकना विचारलं. त्यांनी जेवणाच्या चटईवर बोटाने नदी काढली. तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडली आणि बाकी सगळ्या चटईवर तळहात फिरवला. "सावित," ते म्हणाले. तेलमाड. मग त्या बोटभर जागेवर टिचक्या मारत एकेक नाव घेतलं: माकड, ओरांगउटान, हत्ती. ते नदीकाठी येतात, कारण जायला दुसरी जागाच नाही. २००५ साली इथे अभयारण्य झालं, साधारण २६ हजार हेक्टरांचं, पण तेही सलग नाही, दहा तुकड्यांत. मी चार दिवस ज्याला समृद्धी समजून वहीत नोंदी करत होते, ती दाटी होती.

"बादाक?" मी विचारलं. गेंडा.

"हाबिस," पाकचिक म्हणाले. संपले. त्यांच्या वडिलांनी नदीच्या चिखलात गेंड्याची पावलं पाहिली होती. मलेशियातला शेवटचा सुमात्रन गेंडा, इमान नावाची मादी, याच सबाहमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये गेली. त्या घरात 'बलूम' नसलेलं उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

पण पाकचिकांचे स्वतःचेही थोडे तेलमाड आहेत. मोठा मुलगा मळ्यात नोकरीला आहे. धाकटीच्या कॉलेजचा खर्च त्या फळांवर आणि माझ्यासारख्या पाहुण्यांवर, दोन्हींवर चालतो. त्यांना मी काय सांगणार होते? चकल्या तर आमच्या घरी तळल्या जात होत्या.

"गाजा?" रोज सकाळी होडीवरून परतलं की माकचिक विचारायच्या. गाजा म्हणजे गज, हत्ती. मी रोज म्हणायचे, "बलूम." बोर्निओचा हत्ती आपल्या हत्तीपेक्षा लहान, चेहऱ्याने गोल आणि शेपटीने लांब. २०२४ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचं वेगळं मूल्यांकन केलं, तेव्हा जंगलात जेमतेम हजारच उरल्याचं म्हटलं होतं.

पाचव्या सकाळी धुकं दाट होतं. गावापासून थोडं वर गेल्यावर पाकचिकनी एकदम इंजिन बंद केलं. आधी उसासारखं काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मग धुक्यातून एक पाठ, दुसरी पाठ, आणि काठावरच्या उंच गवतात उभा अख्खा कळप. मी अकरा मोजले. दोन पिल्लं इतकी लहान की आईच्या पोटाखालून चालत होती. माझा श्वास खरोखर अडकला. पाणी डोळ्यांत कधी आलं कळलं नाही.

धुकं विरलं तेव्हा त्यांच्या मागचं दिसलं. पन्नासेक पावलांवर विजेच्या तारांचं कुंपण आणि पलीकडे तेलमाडांच्या रांगा. कुंपणावर पिवळी पाटी: 'बहाया'. हाही शब्द मला कुणी सांगावा लागला नाही. भय. समोर नदी, मागे तार, आणि मधल्या पट्ट्यातून कळप एकामागे एक चालला होता. पुढे असलेली म्हातारी हत्तीण तारेपासून सोंड आखडून घेत, वाट माहीत असल्यासारखी जात होती. आम्ही होडी प्रवाहात सोडून दिली. ते दिसेनासे होईपर्यंत कुणी बोललं नाही.

घरी पोचलो तेव्हा माकचिक पायरीवरच उभ्या होत्या. "गाजा?"

"सुदा," मी म्हटलं. झाले बघून. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, हसल्या, आणि लगेच वळून नवऱ्याला काहीतरी विचारलं. कळप कुठल्या दिशेने गेला, ते. पाकचिकनी उत्तर दिलं आणि चहा न घेताच ते मागच्या पायवाटेने गेले. गेल्याच वर्षी लावलेली रोपं तिकडे होती.

अर्ध्या तासाने आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होते. त्यांनी माकचिकना चार बोटं दाखवली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन जेवायला बसले.