‘थकबाकी’ या एका शब्दापायी गेलेले पाच दिवस

विद्यार्थी मंडळाच्या कल्याण सचिव पदासाठी मी उभी राहिले त्याला आता वर्ष होत आले, तरीही लेखा विभागाच्या खिडकीसमोरून जाताना मला आजही राग येतो. पुढे ज्यांना अर्ज भरायचा आहे त्यांच्यासाठी, आणि त्यातही खेड्यांतून एसटीने अप-डाऊन करणाऱ्यांसाठी, हे लिहीत आहे.

माझे गाव विद्यापीठापासून 28 किलोमीटरवर आहे. तेव्हा गावाकडे जाणारी शेवटची गाडी पावणेपाचला सुटायची आणि आमची प्रात्यक्षिके पाचला संपायची. त्यामुळे गावाकडच्या मुली शेवटचे प्रात्यक्षिक अर्धवट सोडून निघायच्या, त्यांची उपस्थिती कमी पडायची, आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तर ती आणखी घटायची. हा प्रश्न मंडळात मांडणारे कोणीच नव्हते, म्हणून मी उभी राहिले.

आमच्याकडे थेट मतदान नाही. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने राज्यातील विद्यापीठांत थेट निवडणुका बंद झाल्या, 2016 च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली. आमच्या मंडळात मात्र अजूनही वर्गप्रतिनिधीच पदाधिकारी निवडतात. पात्रतेच्या अटी विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या आहेत, ज्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या. पदव्युत्तर उमेदवाराचे वय 25 च्या आत असावे, उपस्थिती किमान 75 टक्के असावी आणि प्रचाराचा खर्च 5,000 रुपयांपेक्षा अधिक होऊ नये. वयाचा दाखला आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र मला अर्ध्या दिवसात मिळाले.

अडले ते चौथ्या अटीवर. सूचनाफलकावर लिहिले होते, ‘उमेदवाराची कोणतीही थकबाकी नसावी.’ अर्ज भरण्यासाठी सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवस होते. सोमवारी मी लेखा विभागात ‘बाकी नाही’चा दाखला मागितला, तेव्हा माझ्या नावावर शुल्क बाकी दिसत असल्याचे लिपिकाने सांगितले. ते खरेच होते, कारण शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता शासनाकडून आलेला नव्हता. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा माझा अर्ज मंजूर होता आणि त्याची प्रतही माझ्या हातात होती, पण लिपिकाने ती पाहिली नाही. मंगळवारी लेखाधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीला गेले होते. बुधवारी ते आले, परंतु खिडकी दुपारी तीननंतर उघडणार होती आणि माझ्यापुढे अकरा जण रांगेत होते. साडेचार वाजता मला रांग सोडून बसस्थानक गाठावे लागले. “उद्या येजो, बाई,” असे लिपिक शांतपणे म्हणाले. त्यांचे बोलणे उर्मट नव्हते, हे मला नमूद करायला हवे. पण उद्या येण्यासाठी मला पहाटे पाचला उठून माईबरोबर गोठा आवरावा लागतो, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या रात्री बाबांनी कोणाकडून तरी उसने घेऊन शुल्क भरण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले, कारण जे पैसे शासनाने द्यायचे, ते माझ्या बापाने व्याजाने आणून भरावेत हे मला पटेना.

गुरुवारी मी खिडकीकडे गेलेच नाही. ग्रंथालयात बसून समितीच्या शिफारशींचा मूळ इंग्रजी मजकूर काढला. त्यात शब्द होता ‘ॲकॅडमिक एरियर्स’, म्हणजे मागे राहिलेले, अनुत्तीर्ण विषय. मराठी सूचना लिहिणाऱ्याने त्याची ‘थकबाकी’ केली होती आणि वाचणाऱ्या प्रत्येकाने तिचा अर्थ पैसा असा घेतला होता. तीन दिवस मी चुकीच्या कागदामागे धावत होते. मी त्या कलमाची प्रत, सर्व विषय उत्तीर्ण असल्याची गुणपत्रिका आणि एक पानाचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांच्या नावे दिला व दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. शिक्का घेतल्याशिवाय कोणताही अर्ज देऊ नका. शुक्रवारी माझा अर्ज सापडत नसल्याचे सांगण्यात आले, तेव्हा त्या क्रमांकावरूनच तो शोधता आला. अधिकारी सरांनी कलम दोनदा वाचले आणि सव्वाचार वाजता माझ्या उमेदवारी अर्जावर ‘स्वीकृत’ असा शेरा लिहिला. त्या दिवशी मी धावत जाऊन गाडी पकडली आणि घरी पोहोचेपर्यंत तो कागद हातातून खाली ठेवला नाही.

मतदान पुढच्या आठवड्यात झाले. 31 पैकी 18 मते मला मिळाली.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. छापील फलकांना परवानगी नाही, म्हणून कार्डशीट आणि रंगीत पेनांवर माझे 340 रुपये खर्च झाले. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा लागतो, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानातून पावती त्याच वेळी मागून घ्यावी. आणि सूचनेतील शब्द अडला, तर खिडकीवर विचारण्याआधी मूळ नियम वाचावा.

माझ्याच वर्गाशेजारच्या वर्गातील दोघांनी हीच ‘थकबाकी’ वाचून अर्ज भरलाच नव्हता, हे मला निकालानंतर कळले. दोघांचीही शिष्यवृत्ती अडलेली होती आणि दोघांचे सर्व विषय सुटलेले होते. सचिव म्हणून मी पहिले पत्र एसटीच्या वेळेसाठी आगार व्यवस्थापकांना लिहिले आणि दुसरे, सूचनेत ‘थकबाकी’ऐवजी ‘अनुत्तीर्ण विषय’ असे छापावे यासाठी, कुलसचिवांना. गाडी आता सव्वापाचला सुटते. दुसऱ्या पत्राचा आवक क्रमांक माझ्या वहीत आहे, आणि उत्तरासाठी मी दर सोमवारी जाते.