एडिंबरा: किल्ला पाहा, पण बोळ चुकवू नका

पहिली सूचना: ऑगस्ट टाळा. तेव्हा फ्रिंज हा नाटक-कलांचा महोत्सव असतो, रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात. आम्ही मेच्या अखेरीस गेलो. रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे फिरायला भरपूर वेळ मिळतो.

किल्ल्याचं तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढून ठेवा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. किल्ला ज्वालामुखीच्या काळ्या कातळावर आहे. सह्याद्रीत हिंडलेल्यांना चढ काहीच वाटणार नाही, वारा मात्र जाणवेल. राजमुकुटाच्या रांगेत उभं राहण्याआधी बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेट चॅपल पाहून घ्या. एवढुसं आहे, पण शहरातली सर्वांत जुनी वास्तू तीच. शेजारी मॉन्स मेग ही १४४९ सालची अजस्र तोफ. स्कॉटलंडच्या राजांच्या राज्याभिषेकाचा दगड 'स्टोन ऑफ डेस्टिनी' मात्र इथं शोधू नका, तो २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे.

रविवार, गुड फ्रायडे नि नाताळ सोडून रोज दुपारी एकला किल्ल्यावर तोफ उडते. जहाजांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून १८६१ मध्ये सुरू झालेली ही प्रथा. आवाज चांगलाच दणदणीत असतो, लहान मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा. धूर विरेपर्यंत निम्मी गर्दी मोबाइलवर आपलं चित्रण नीट आलंय का तेच बघत होती.

किल्ल्याबाहेर पडलं की रॉयल माइल हा जुन्या शहराचा मुख्य रस्ता उतरत जायचं. डाव्या हाताला कॅमेरा ऑब्स्क्युराची इमारत लागते. तिकीट महाग, आत आरशांचे खेळ. मुलं नसतील तर सोडून द्या. पण बाहेर क्षणभर थांबा. हाच पॅट्रिक गेडिस यांचा 'आउटलुक टॉवर'. पडझड झालेली जुनी घरं सरसकट पाडू नयेत, गरजेपुरती डागडुजी करून त्यांत माणसं नांदवावीत, असं मानणारे हे नगररचनाकार पत्नीसह स्वतः जवळच्या जेम्स कोर्टमधल्या गलिच्छ वस्तीत राहायला गेले होते. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. जुनं एडिंबरा आज उभं आहे त्यात गेडिस यांचा वाटा मोठा, तरी टॉवरमध्ये शिरणाऱ्या बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नसतं.

रॉयल माइलवर लोकरीच्या शालींची नि बॅगपाइपच्या सुरांची गर्दी आहे. खरी मजा दोन्ही बाजूंच्या बोळांत, ज्यांना इथं 'क्लोज' म्हणतात. अॅडव्होकेट्स क्लोजच्या तोंडाशी उभं राहा: दोन्हीकडे काळवंडलेल्या दगडी भिंती, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि मधल्या फटीत नेमका कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या स्मारकाचा टोकदार मनोरा. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, बूट चांगले हवेत. छत्री मात्र वाऱ्यापुढे टिकत नाही, टोपीवालं जाकीटच घ्या. पुढे कॅननगेटमध्ये डनबार्स क्लोज आहे. आत शिरलात की सतराव्या शतकाच्या धाटणीची कातरलेल्या झुडपांची बाग लागते. फुकट, आणि बसायला बाकडी. मेरी किंग्ज क्लोज ही जमिनीखालची गल्ली बघायची तर आधी आरक्षण हवंच.

सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये प्रवेश मोफत, ऐच्छिक देणगी. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालयही मोफत; पेंढा भरलेली डॉली, क्लोनिंगनं जन्मलेली प्रसिद्ध मेंढी, तिथंच आहे. पाऊस लागला तर थेट इकडे या. जवळच्या ग्रेफ्रायर्स बॉबी या कुत्र्याच्या पुतळ्याच्या नाकावर हात घासू नका, तो झिजतो.

संध्याकाळी कॅल्टन हिल. वरचे बारा खांब म्हणजे पैसे संपल्यामुळे १८२९ मध्ये अर्धवट राहिलेली, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या धर्तीवरची वास्तू. आर्थर्स सीट या टेकडीची उंची २५१ मीटर, गुडघे धड असतील तर चढा.

शाकाहारींनी घाबरू नये, हॅगिस हा एरवी मेंढीच्या मांसाचा स्कॉटिश पदार्थ डाळी नि ओटचाही बऱ्याच पबमध्ये मिळतो. विमानतळावरून ट्रॅम थेट गावात येते. लोथियन या शहर बससेवेत बँकेचं कार्ड टेकवा. रोख दिलीत तर उरलेले सुटे परत मिळत नाहीत.